पुरावा कोणी द्यायचा? सैनिकाची पाठ, एक मिसल आणि अपिलाचा इतिहास

२०१६ सालच्या पावसाळ्यात मी हैदराबाद कंटिन्जंटवर टिपणं काढत होतो. बोलारम हे त्या फौजेचं मुख्य ठाणं, आणि बोलारम-अलवालच्या पट्ट्यात आजही माजी सैनिकांची घरं पुष्कळ. काहींच्या घरी आजोबा-पणजोबांचे जुने कागद असतील, निदान एखादं पदक किंवा एखादा फोटो तरी सापडेल, अशा आशेने मी रविवारी तिकडे चकरा मारायचो. सापडलं फार थोडं. पण अशाच एका चकरेत मूळचे सातारा जिल्ह्यातले, १९८१ ला भरती होऊन २००५ ला निवृत्त झालेले एक हवालदार भेटले. चहा झाल्यावर त्यांनी कपाटाच्या वरून एक प्लास्टिकची पिशवी काढली आणि म्हणाले, "इंजिनिअरसाहेब, तुम्ही जुने कागद वाचता ना? मग ही आमची मिसल पण वाचा."

मिसल म्हणजे फाइल. निजामाच्या दफ्तरातला हा शब्द आमच्याकडच्या जुन्या मराठी घरांत अजून निघतो. साताऱ्याच्या माणसाच्या तोंडी तो ऐकून गंमत वाटली. तीस वर्षं इथे राहिलं की भाषा चिकटते.

कंटिन्जंटचं टिपण बाजूला पडलं ते पडलंच. मात्र त्यातली एक गोष्ट इथे सांगतो, कारण ती पेन्शनचीच आहे. २१ मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे मुलूख कंटिन्जंटच्या खर्चासाठी इंग्रजांच्या हवाली केले. (१८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, वऱ्हाड राहिलं. १९०२ मध्ये ते सालाना २५ लाखांवर कायमच्या पट्ट्याने गेलं आणि पाठोपाठ ती फौजही हिंदुस्थानच्या लष्करात विलीन झाली. तिचीच पुढची पिढी म्हणजे आजची कुमाऊं रेजिमेंट.) म्हणजे अमरावती-अकोल्याच्या शेतसाऱ्यावर बोलारमची फौज पोसली जात होती. हे पुष्कळांना माहीत असतं. पण त्या तहात खर्चाच्या बाबी दिल्यात, त्यांत फौजेच्या पगाराखेरीज आणखी काही देणी आहेत, आणि त्यांत 'काही मराठा पेन्शनदार' असा स्पष्ट उल्लेख आहे. त्यांचं देणं तहातच हमी देऊन लिहिलेलं. त्यांना कुणी विचारलं नसेल की बाबा रे, तुझा हक्क सिद्ध कर.

हवालदारांच्या पिशवीत मात्र नेमका तोच प्रश्न होता.

पिशवीत एकूण अकरा कागद. त्यांतला सर्वांत महत्त्वाचा २००६ सालचा, दीड पानी, इंग्रजीत. मजकूर थोडक्यात असा: निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय मंडळाने तुम्हाला प्रोलॅप्स्ड इंटरव्हर्टिब्रल डिस्क, एल-४ एल-५, हा विकार असल्याचं नोंदवलं आहे. अपंगत्व २० टक्के, आजन्म. परंतु हा विकार लष्करी सेवेमुळे उद्भवलेला नाही, सेवेमुळे बळावलेलाही नाही, तो 'कॉन्स्टिट्यूशनल' आहे. सबब अपंगत्व पेन्शनचा दावा नामंजूर. सहा महिन्यांत अपील करता येईल.

"मग अपील का नाही केलंत?" मी विचारलं.

त्यांनी दोन कारणं सांगितली. पहिलं पैशाचं. त्यांना सेवेची पेन्शन मिळतच होती. प्रश्न फक्त अपंगत्वाच्या हिश्श्याचा होता, आणि त्या काळी जवानाच्या दर्जाला १०० टक्के अपंगत्वासाठी तो दरमहा १,५५० रुपये होता. वीस टक्क्यांचे ३१० झाले. "तीनशे दहा रुपयांसाठी सरकारशी कोण भांडणार?" दुसरं कारण ऐकून मी आधी हसलो आणि मग हसल्याबद्दल वाईट वाटलं. पत्र वाचून दाखवणाऱ्या कुणीतरी 'कॉन्स्टिट्यूशनल'चा अर्थ 'घटनात्मक' असा सांगितला होता. म्हणजे घटनेनेच दावा नाकारलाय, असा त्यांचा दहा वर्षं समज. घटनेच्या वर अपील कुठे करणार?

लष्करी वैद्यकीय भाषेत या शब्दाचा अर्थ प्रकृतिजन्य, जन्मतःच्या ठेवणीतून आलेलं. तुझ्या पाठीत आधीपासूनच खोट होती, असं म्हणणं. आणि इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. भरतीच्या वेळी याच सरकारच्या डॉक्टरांनी हा माणूस तपासला, पळवला, वजनं उचलायला लावली आणि ठणठणीत म्हणून घेतला. पुढची चोवीस वर्षं त्याच्याकडून अवजड गाड्या चालवून घेतल्या. आधी शक्तिमान, मग दुसऱ्या. त्यातली काही वर्षं तेजपूरहून सेला खिंडीमार्गे तवांगला जाणाऱ्या रस्त्यावर. १९९७ मध्ये पहिल्यांदा पाठीत उसण भरली, पाय बधिर झाला, रुग्णालयात एकवीस दिवस, त्यानंतर वैद्यकीय श्रेणी खाली. आता जाताना म्हणायचं की खोट मूळचीच होती. यंत्र विकत घेताना स्वतः तपासून घ्यायचं, वॉरंटी संपल्यावर सांगायचं की कास्टिंगच खराब होतं, तसं हे.

हे झालं माझं मत. नियम काय म्हणतो ते बघायला म्हणून मी जे वाचत गेलो, त्याचं हे टिपण झालं.

त्यांना लागू होणारे नियम १९८२ चे. लष्करात अपंगत्व किंवा मृत्यूबद्दल जी पेन्शन द्यायची तिच्या पात्रतेचे हे नियम. पाचवा नियम सांगतो की भरतीच्या वेळी ज्या उणिवा नोंदल्या असतील तेवढ्या सोडून माणूस शरीराने-मनाने निकोप होता असं गृहीत धरायचं, आणि पुढे प्रकृतीच्या कारणावरून काढला गेला तर झालेली हानी सेवेमुळेच झाली असं धरायचं. नववा नियम सांगतो की दावेदाराला आपली पात्रता सिद्ध करायला सांगितलं जाणार नाही, आणि रास्त शंका असेल तर तिचा फायदा त्याला मिळेल. चौदावा रोगांबद्दल: भरतीच्या वेळी नोंद नसलेला रोग सर्वसाधारणपणे सेवेत उद्भवला असं मानावं. चौथ्या नियमात आणखी एक कळीचं वाक्य आहे. निवृत्तीच्या वेळी ज्याची वैद्यकीय श्रेणी भरतीच्या वेळेपेक्षा खालची असेल, तो प्रकृतीच्या कारणावरून काढला गेल्यासारखाच समजावा. म्हणजे मुदत पूर्ण करून निवृत्त झालेले आमचे हवालदारही त्यात बसतात.

नववा नियम मी तीन-चारदा वाचला. एवढा उदार नियम आपल्या सरकारी छापील कागदावर कसा आला? त्याचं मूळ शोधताना विलायतेला जावं लागलं. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, ब्रिटनने युद्धपेन्शनच्या नकारावर स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील करायचा कायदेशीर हक्क दिला. तरी सिद्ध करायचा बोजा सैनिकावरच राहिला, आणि त्यात हजारो लोक आपटले. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या डिसेंबरात, राजाच्या फर्मानाने हा बोजा उलटा केला: दावेदारावर सिद्धतेचं ओझं नाही, रास्त शंकेचा फायदा त्याला. आपल्या १९८२ च्या नियमाचा आशय थेट याच घराण्यातला आहे. लॉर्ड डेनिंग हे नाव वकिलांना ठाऊक असतं. ते न्यायाधीश म्हणून नवे असताना, १९४६-४७ मध्ये, त्यांच्यापुढे ही पेन्शन अपिलं यायची. 'रास्त शंका' म्हणजे नेमकी किती शंका, याची जी व्याख्या आजही कायद्याच्या पुस्तकांत शिकवतात ती त्यांनी १९४७ मध्ये मिलर नावाच्या बाईच्या प्रकरणात केली. अन्ननलिकेच्या कर्करोगाने वारलेल्या सैनिकाची ती विधवा. व्याख्या अजरामर झाली. बाई मात्र हरली.

तर नियम असा. आता व्यवहार बघा. निवृत्तीच्या वेळी डॉक्टरांचं मंडळ एक छापील फॉर्म भरतं. त्यात रकाने असतात: विकार सेवेमुळे उद्भवला का, सेवेमुळे बळावला का, सेवेशी संबंध नाही का. प्रत्येकापुढे हो किंवा नाही. आणि शेवटी कारणं. हवालदारांच्या फॉर्मवर 'नाही', 'नाही', 'हो' आणि कारणांच्या जागी तो एकच शब्द. एवढ्यावर चोवीस वर्षांचा हिशेब मिटलेला.

यात डॉक्टरांनाच दोष द्यावा असंही नाही. कित्येक वर्षं तर उलटा प्रकार होता. मंडळ 'सेवेमुळे' म्हणायचं आणि अलाहाबादच्या पेन्शन लेखा कार्यालयात, माणसाला डोळ्यांनी न बघता, तो शेरा बदलला जायचा. हे चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाला १९९३ मध्ये मोहिंदर सिंग यांच्या प्रकरणात सांगावं लागलं. पुढे २००९ मध्ये दामोदरन प्रकरणात त्याच न्यायालयाने वैद्यकीय मंडळाच्या मताला प्राधान्य द्यावं असं म्हटलं. ते कारणं दिलेल्या मताबद्दल असेल, पण खाली सरसकट वापरलं गेलं ते 'मंडळ म्हणालं ना, संपलं' असं.

गोष्ट फिरली ती २ जुलै २०१३ ला. धरमवीर सिंग हे सिग्नल्समधले जवान. १९८५ ला भरती, १९९४ ला अपस्माराचे झटके येतात म्हणून घरी पाठवलेले. अपंगत्व २० टक्के, सेवेशी संबंध नाही. नोकरी जेमतेम नऊ वर्षांची, म्हणजे साधी पेन्शनही नाही. हिमाचलच्या उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, दोघांच्या खंडपीठाने तो फिरवला. सर्वोच्च न्यायालयात न्या. पटनायक आणि न्या. मुखोपाध्याय यांनी १९८२ च्या नियमांतला शब्दन् शब्द समोर ठेवून विचारलं की भरतीच्या वेळी नोंद आहे का? नाही. मंडळाने कारण दिलंय का? नाही. मग गृहीतक सैनिकाच्या बाजूने. नवा कायदा यात काहीच नव्हता. एकतीस वर्षांपूर्वी छापलेला नियम वाचला, एवढंच.

आजवर मी जेवढे निकाल वाचले त्यांत या निकालाइतका उद्धृत होणारा दुसरा नाही. झटके, मानसिक विकार, मधुमेह, रक्तदाब, आणि अर्थात पाठ. पाठ यात वेगळी पडते, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो.

गोळी लागली तर तारीख असते. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे आपल्या सगळ्यांना आता सिनेमामुळे ठाऊक झालेत. पण ते इएमई दलातले जवान होते आणि आपल्या सिकंदराबादच्या इएमईत मुष्टियोद्धा म्हणून गाजले, हे आपल्याकडेही फारसं सांगितलं जात नाही. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, एक कण्यात रुतून बसली, कमरेखालचं शरीर गेलं. सात वर्षांनी, १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये, ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा विक्रम करून त्यांनी भारताला पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. सन्मानासाठी त्यांनाही थांबावंच लागलं. पद्मश्री २०१८ ला, अर्जुन पुरस्कार २०२५ च्या जानेवारीत. पण त्यांचा कणा कशाने गेला, हा प्रश्न कधी कुणी विचारला नसेल.

शक्तिमानच्या सीटवर चोवीस वर्षं बसलेल्या माणसाला तारीख सांगता येत नाही. १९९७ ची उसण ही तारीख नव्हे, ती फक्त पाठीने केलेली पहिली तक्रार. माझ्या जुन्या धंद्यात याला फटीग म्हणतात. सिकंदराबादच्या लालागुड्याला निजामाच्या रेल्वेचं वर्कशॉप आहे. तिथल्या फिटरला विचारा, ॲक्सल कोणत्या फेरीला तुटला ते सांगता येईल, पण कोणत्या फेरीमुळे तुटला ते नाही सांगता येणार. लाखो फेऱ्यांतल्या प्रत्येकीचा त्यात वाटा. व्होलर नावाच्या जर्मन रेल्वे इंजिनिअरने १८६० च्या आसपास हेच प्रयोगाने दाखवून दिलं होतं. तोवर ॲक्सल तुटला की 'लोखंडच मुळात खराब' असं म्हणण्याकडे कल असायचा. म्हणजे कॉन्स्टिट्यूशनल!

मणक्याची गादी सरकून पायाची शीर दबते, हे वैद्यकशास्त्राला तरी कुठे फार आधीपासून ठाऊक होतं? अमेरिकेतल्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांचा त्यावरचा निबंध १९३४ चा. त्याआधी सगळं 'वात' किंवा 'लंबॅगो'. आपल्याकडे अजूनही लोक 'मणक्यात गॅप आलाय' एवढ्यावर भागवतात.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हे टिपण म्हणजे वकीलपत्र होईल. १९९४ मध्ये अमेरिकेत ९८ धडधाकट, पाठीची कसलीही तक्रार नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले. निम्म्याहून अधिक, ५२ टक्के लोकांच्या निदान एका गादीला फुगवटा निघाला. म्हणजे फोटोत गादी सरकलेली दिसली म्हणून ती नोकरीमुळेच सरकली असं सिद्ध होत नाही. पन्नाशीत माझीही पाठ धरते आणि मी आयुष्यभर खुर्चीत बसून नकाशे काढले. मंडळावरच्या डॉक्टरची शंका खरी आहे. प्रश्न एवढाच की शंका असेल तर तिचा फायदा कोणाला? नववा नियम त्याचं उत्तर देऊन मोकळा झालाय, आणि ते डॉक्टरच्या अखत्यारीतलं उत्तर नाही.

दुसऱ्या देशांनी यावर वेगवेगळ्या वाटा काढल्या. जर्मनीने १९९३ मध्ये कमरेच्या मणक्यांचे विकार व्यवसायजन्य रोगांच्या यादीत घातले: वर्षानुवर्षं जड ओझी उचलणाऱ्यांसाठी एक क्रमांक, आणि बसल्या जागी गाडीचे हादरे सोसणाऱ्यांसाठी वेगळा क्रमांक. साधारण दहा वर्षांचं काम धरतात. तिथे सैनिक नव्हे, कामगार आहेत, पण ट्रक तोच. अमेरिकेत माजी सैनिकाला कोर्टात जायचा मार्गच १९८८ पर्यंत बंद होता. तिथे २००३ पासून पाठीचं अपंगत्व अंशांत मोजतात. कोनमापक लावून माणूस पुढे किती वाकतो ते बघायचं, तीस अंशांच्या पुढे वाकता आलं नाही तर ४० टक्के, तीस ते साठमध्ये अडकला तर २०. मला हे मोजमाप आवडलं, हे कबूल करतो. निदान आकड्यामागे काही आहे. अर्थात कोन मोजल्याने 'कशामुळे' हा प्रश्न सुटत नाही, 'किती' एवढाच सुटतो.

आपल्याकडे स्वतंत्र न्यायाधिकरण यायला २००९ उजाडलं. त्याआधी सैनिकाला दोन खात्यांतर्गत अपिलं, पहिलं आणि दुसरं, आणि तिथे नकार आला की थेट उच्च न्यायालयात रिट. २००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण झालं, ऑगस्ट २००९ मध्ये ते सुरू झालं. मुख्य पीठ दिल्लीला. महाराष्ट्र-गोव्याला मुंबईचं पीठ. आणि आपण चेन्नईच्या पीठाखाली. गंमत बघा. लष्कराच्या दोन मोठ्या दलांची, इएमई आणि ऑर्डनन्सची, अभिलेख कार्यालयं आपल्या तिरुमलगिरीत. देशभरातल्या त्या जवानांची नोंद इथे. पण इथल्या माणसाला आपल्या पाठीची दाद मागायची तर चारमिनार एक्सप्रेसने रात्रभर प्रवास.

हवालदार तो प्रवास पाच वेळा करून आले. मी दोनदा बरोबर होतो. खालचा बर्थ मिळाला तर ठीक, नाहीतर ते दारापाशी उभे राहायचे. बसण्यापेक्षा उभं राहणं त्यांना सोसतं. पहाटे त्यांना उतरताना बघून वाटलं, न्यायमूर्तींनी फक्त स्टेशनवर यावं, बाकी कागद नकोत.

कागद मात्र लागलेच. नियम काहीही म्हणो, नोंद नाही हे दाखवायला तरी ती नोंद हवी ना! आणि या कामात आपल्या मंडळातली सवय उपयोगी पडली, म्हणून हे थोडं सविस्तर सांगतो. आम्ही माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागितल्या: भरतीच्या वेळच्या तपासणीची प्रत, १९९७ च्या रुग्णालयातले कागद, आणि निवृत्तीच्या वेळच्या मंडळाची पूर्ण कार्यवाही, नुसता निर्णय नव्हे. पहिली आणि तिसरी मिळाली. दुसऱ्याबद्दल उत्तर आलं की जुनं रेकॉर्ड मुदतीनंतर नष्ट केलंय. तो कागद शेवटी हवालदारांच्या पत्नीने साताऱ्याच्या घरातून शोधून काढला, मुलाच्या जन्मदाखल्याच्या पाकिटात. डिस्चार्ज स्लिप, एकवीस दिवस, अवजड वाहन चालवू नये असा शेरा. त्यानंतरही पुढची आठ वर्षं त्यांच्याकडून गाड्या चालवून घेतल्याची नोंद त्यांच्याच सेवापुस्तकात होती. न्यायाधिकरणापुढे वकिलाने दोन्ही कागद शेजारी ठेवले. बाकी फार बोलावं लागलं नाही.

आधी पहिलं अपील करावं लागलं होतं, कारण खात्यातले मार्ग संपवल्याशिवाय न्यायाधिकरण सहसा अर्ज घेत नाही. ते 'मुदतबाह्य' म्हणून परत आलं. दहा वर्षं उशीर झाला होता, त्यामुळे मला वाटलं इथेच संपणार. पण याचंही उत्तर एका जुन्या निकालात होतं. तरसेम सिंग यांना १९८३ ला लष्करातून काढलं, ते कोर्टात गेले १९९९ ला. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं की पेन्शन न देणं ही दर महिन्याला नव्याने होणारी चूक आहे, म्हणून उशिरा आलेला दावा फेटाळता येत नाही. मात्र थकबाकी अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळेल.

निकाल २०१९ ला आला. विकार सेवेमुळे बळावला असं धरून २० टक्के अपंगत्व मान्य. आणि ते २० चं ५० झालं. यामागे ३१ जानेवारी २००१ चा आदेश आहे: ५० च्या आतलं अपंगत्व ५० धरायचं, ५० ते ७५ मधलं ७५, त्यावरचं १००. सरकार म्हणायचं, हे फक्त अर्ध्यावर घरी पाठवलेल्यांना, मुदत पूर्ण करणाऱ्यांना नाही. १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो भेद मान्य केला नाही. एव्हाना हिशेबाची रीतही बदलली होती. १०० टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, म्हणजे ५० ला १५ टक्के. तीनशे दहा रुपयांसाठी कोण भांडणार, हा प्रश्न आता वेगळा दिसत होता.

२००५ ते २०१४ मधली वर्षं मात्र गेली ती गेली. हवालदारांनी मला हे दोनदा विचारलं. चूक दर महिन्याला होत होती असं कोर्ट म्हणतं, मग त्या महिन्यांचं काय? मी तरसेम सिंगचा परिच्छेद मराठीत समजावून सांगितला. त्यांनी मान हलवली. पटलं असं वाटलं नाही. मलाही पूर्ण पटलेलं नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल की आता सगळं ठीक झालं. तसं नाही. १९८२ च्या नियमांच्या जागी २००८ चे आले. त्यात नवव्या नियमाचा वारस सातवा. पहिल्यात 'सांगितलं जाणार नाही' होतं. दुसऱ्यात 'सर्वसाधारणपणे सांगितलं जाणार नाही' झालं, आणि पुढे जोडलं की निवृत्तीनंतर १५ वर्षांनी दावा केला तर सिद्ध करायचा बोजा दावेदारावर. शिवाय रोग सेवेत दिसला एवढ्यावरून तो सेवेमुळे झाला असं ठरत नाही, असंही आलं. एक 'सर्वसाधारणपणे' आत शिरला की केवढा फरक पडतो, हे इतिहासाच्या माणसाला सांगायला नको. तरी २०२५ च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने माजी सुभेदार गवस यांच्या मधुमेहाच्या प्रकरणात म्हटलं की नवे नियम लागले तरी मंडळाची कारणं देण्याची जबाबदारी सुटत नाही. त्याच्याही आधी, २१ सप्टेंबर २०२३ पासून, आणखी नवे नियम आले आहेत आणि रोगांसाठीच्या रकमेला 'इम्पेअरमेंट रिलीफ' असं नाव मिळालंय. त्यांचा इतिहास लिहायला अजून वेळ आहे.

मधल्या काळात एक प्रयत्न झाला होता तो नोंदवतो. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये त्यांनी सैनिकांविरुद्धचे खटले कमी कसे करता येतील यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. कारगिलमध्ये पाय गमावलेले मेजर डी. पी. सिंग तिच्यावर होते. अपंगत्व पेन्शनमध्ये जिंकलेल्या सैनिकाच्या मागे सरकारने अपिलं घेऊन धावू नये, हा तिच्या अहवालाचा एक मोठा भाग. अहवाल जरूर वाचावा, सरकारी कागद इतका सरळ बोललेला क्वचित दिसतो.

आमचे हवालदार आता दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कुणाची ना कुणाची पिशवी घेऊन येतात. सध्या एक तोफखान्यातले गृहस्थ आहेत. आठ वर्षं नोकरी, १९८० च्या दशकात पाठीमुळेच घरी पाठवलेले, पेन्शन एक पैसा नाही. ज्यांना पेन्शन नाही त्यांचं रेकॉर्ड २५ वर्षांनी नष्ट करतात, त्यामुळे भरतीची तपासणी नाही, मंडळाची कार्यवाही नाही, नकाराचं पत्रही नाही. आहे ते फक्त डिस्चार्ज बुक. बुरशी लागलेलं, पण वैद्यकीय श्रेणीच्या रकान्यात भरतीच्या वेळचं 'ए' आणि शेवटचं 'ईईई' स्पष्ट वाचता येतं. ईईई म्हणजे नोकरीस अपात्र. त्याची छायाप्रत काढून आणलीय, आणि अर्जाचा पहिला परिच्छेद लिहून झालाय.